वरवट बकालला अल्बट्रॉस हरला

श्रावणातल्या मंगळवारी कुंदा गेली. तिने चहा गाळला होता. मी पेपर आणायला फाटकाशी गेलो होतो. परत आलो तेव्हा ती ओट्याशी जमिनीवर होती. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली आणि घड्याळ बघितलं. दुपारी शेजाऱ्यांनी तो चहा ओतून दिला आणि भांडं घासून ठेवलं.

आमचं गाव रत्नागिरीच्या खाली, समुद्राकाठी. मी तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. कुंदा शाळेत शिकवायची. तिचं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं वरवट बकाल, म्हणजे समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. नोकरीसाठी आमच्याकडे आली आणि राहिली.

एके वर्षी वाचनालयात पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या प्राण्यांचं एक मोठं सचित्र पुस्तक आलं. त्यात एका जोडपानावर डावीकडे अल्बट्रॉस होता आणि उजवीकडे हनी पॉसम. ही जोडी कोणी आणि का जुळवली, ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी. पंख पसरले तर इतका रुंद दुसरा पक्षी जगात नाही. हनी पॉसम तळहातावर मावेल एवढा, कांगारूसारखाच शिशुधान वर्गातला; पोटाला पिशवी, जीभ लांब, खाणं फुलांतला मध आणि पराग. कुंदाने त्याचं नाव मधुली ठेवलं. मी समुद्राकाठचा, म्हणून अल्बट्रॉसच्या बाजूने बोललो. ती लगेच मधुलीकडे गेली. त्या संध्याकाळी सुरू झालेला वाद आमच्या घरात मीठमिरचीसारखा कायमचा राहिला. पाहुणे गेले की आम्ही पुन्हा तिथे यायचो. तिचं म्हणणं, मोठ्याने मोठं काम केलं यात विशेष काय? माझं म्हणणं, वर्षानुवर्षं वाटेशिवायच्या समुद्रावर राहून तो पक्षी अंडं घालायला जिथे जन्मला तिथेच परत येतो, हे तुझी मधुली करून दाखवेल का?

या वर्षी तिच्या माहेरच्या शाळेने माजी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. कुंदाने भावाला फोनवर सांगून टाकलं की दिवाळीनंतर आम्ही दोघं येतो आणि गावापुढे याचा निकाल लावतो. आपलं गाव आपल्याच बाजूने उभं राहणार याची तिला खात्री होती. मी कधी चार माणसांपुढे बोललेलो नाही. तरी हो म्हणालो, कारण ती माझ्याबरोबर असणार होती.

ती गेल्यावर तिच्या भावाने, दिनकरभाऊंनी, कार्यक्रम रद्द करू का असं विचारलं. मी म्हणालो, नको, मी येतो, दोन्ही बाजू मीच मांडतो.

जानेफळ

सामानात ते पुस्तक होतं आणि काथ्याची एक दोरी होती, आमच्याकडच्या नारळाची. ती मी पंख पसरलेल्या अल्बट्रॉसएवढी मापून कापली होती. पुस्तकातल्या चित्रावरून लांबी कळत नाही. घरी आम्ही ती वेगळ्या रीतीने दाखवायचो. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत एक वाव होतो. विहिरीचा दोर असाच मापतात. अल्बट्रॉस जवळजवळ दोन वाव. मी आणि कुंदा हात पसरून, बोटाला बोट लावून उभे राहिलो की आमच्या ओटीवर एक अल्बट्रॉस तयार व्हायचा. आता मी एक वाव उरलो होतो. म्हणून दोरी.

मेहकरहून जानेफळला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, तूर, आणि फुटलेला कापूस. आमच्याकडे डोळ्यांना डोंगर किंवा माड लगेच अडवतात. इथे नजर जाते ती जातच राहते. समुद्रावर जाते तशी. हे कुंदाने मला कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी वाद घालत असेन.

जानेफळला तिची मावशी राहते. वय झालं आहे, पण भाकरी अजून स्वतः थापते. ज्वारीची भाकरी, पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि वर कच्चं तेल. रश्शाचा पहिला घास घेतला आणि मला उचकी लागली. मावशींनी गुळाचा खडा पुढे सरकवला आणि भात मुद्दाम केला आहे, तुम्ही भातावरची माणसं, असं म्हणाल्या. रडणं झालं, तेही थोडकंच. आमच्याकडे समाचाराला आलेली माणसं हळू बोलतात आणि लवकर उठतात. इथे शेजारपाजारच्या बाया येऊन बसल्या, त्यांनी कुंदाच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, आणि चक्क हसल्या. मला आधी ते विचित्र वाटलं. थोड्या वेळाने मीही एक गोष्ट सांगितली.

मावशींनी सगळा वाद नीट समजून घेतला. पक्षी काय खातो, पिल्लू किती दिवस घरट्यात राहतं, मधुलीला किती पिल्लं होतात. मग विचारलं, "आमची कुंदी कोनाच्या बाजूनं होती?"

मी म्हणालो, लहान प्राण्याच्या.

"मंग तुमी हरून या, जवाईबापू."

मुद्दाम हरलेलं कुंदाला चाललं नसतं, असं मी म्हणालो. एकदा कॅरममध्ये मी तिला जिंकू दिलं होतं, तर तिने सोंगट्याच आवरून ठेवल्या होत्या.

"मुद्दाम कोन म्हनते? चांगलं लढा, आन् हरून या."

पुढच्या सगळ्या प्रवासात हेच माझ्या डोक्यात होतं. अल्बट्रॉसची बाजू मला पाठ होती. मधुलीची बाजू मी आयुष्यभर ऐकली होती, पण ऐकली ती खोडून काढण्यासाठी.

वरवट बकाल

शेगाव सोडून पूर्णा ओलांडली की मुलूख आणखी सपाट होतो आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते. वरवट बकालच्या स्टँडवर उतरलो. माझ्या हातात एक पिशवी. बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला न्याहाळलं आणि विचारलं, "कोकनातले जवाई तुमीच काय?"

मी हो म्हटलं.

"जनावरं मांगून येऊन राह्यली काय?"

मला कळेना. तेवढ्यात भोंगा लावलेली रिक्षा आली आणि कळलं. माझे मेहुणे, दिनकरभाऊ, भोवतालच्या गावांत शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, वेळी बैलजोड्यांची पुकार करतात. त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने जाहिरात करता येत नाही. भोंग्यातून त्यांचाच आवाज येत होता: जगातला सगळ्यात मोठा पंख आणि जगातलं सगळ्यात लहान पिल्लू, उद्या शाळेच्या पटांगणात आमनेसामने. गावाने त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं होतं. एकाने तर पक्ष्याला बांधायला खुंटा लागेल का, असं भाऊंना विचारलं होतं म्हणे.

घरी वहिनींनी पाणी दिलं. मी तांब्या तोंडाला लावला आणि थांबलो. पाणी खारट होतं. अगदी समुद्राइतकं नव्हे, पण माझ्या जिभेला ओळखता येईल इतकं. वहिनी आतून धावत आल्या. घाईत वापरायच्या पाण्याचा तांब्या दिला होता, प्यायचं वेगळं असतं. भाऊ म्हणाले, हा सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागतं. डाळ शिजत नाही त्यात, आणि पिकाला दिलं तर जमीन बिघडते.

मी गोडं पाणी प्यालो आणि गप्प बसलो. कारण अल्बट्रॉस समुद्राचं पाणी पितो. त्याच्या डोळ्यांपाशी मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. गाळलेलं खारं पाणी नाकपुड्यांतून येऊन चोचीवरून ठिबकतं. आमच्या घरच्या वादात या मुद्द्याला काही किंमत नव्हती. या गावात तो एकच मुद्दा सामना संपवू शकला असता. तो मी सांगितला नसता तर कोणालाच कळलं नसतं. मधुली जिंकली असती, कुंदा जिंकली असती. आणि कॅरमच्या सोंगट्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

कापसात

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींबरोबर शेतात गेलो. वेचणी सुरू होती. पहिल्या दिवशी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, दहीभात दाखवून झाला होता, त्याला इथे सीतादही म्हणतात. आम्ही होडी पाण्यात लोटताना नारळ देतो, तसंच ते.

बाया कमरेला एक फडकं बांधतात, त्याची पोटाशी झोळी होते. तिला ओटी म्हणतात. दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढायचा आणि ओटीत टाकायचा. चालणं थांबत नाही, बोलणं थांबत नाही. ओटी भरली की पोट पुढे आलेलं दिसतं आणि त्यावरून एकमेकींची थट्टा चालते. मलाही वहिनींनी एक फडकं बांधून दिलं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत शिरतात हे मला ठाऊक नव्हतं. माझी ओटी तळाशीच राहिली. पलीकडच्या ओळीतली एक म्हणाली, जवाईबापूंना आत्ता कुठे तिसरा महिना लागला आहे.

वहिनींनी मधुलीबद्दल विचारलं. मी सांगितलं की तिचं पिल्लू जन्मतं तेव्हा तांदळाच्या कणीहूनही लहान असतं. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही. तशा अवस्थेत ते आईच्या पोटावरून स्वतः सरपटत पिशवीत जातं आणि तिथे चिकटून वाढतं.

"आन् माय? थे काय करते तवा?"

मी म्हणालो, ती पिशवीत पिल्लं घेऊन फुलांवर जाते. तिचं काम चालूच.

वहिनींनी आपल्या भरलेल्या ओटीकडे पाहिलं. त्यांचे हात चालत राहिले.

घरी आलो आणि माझी दोरी दिसेना. भाऊंना विचारलं. त्यांनी निर्मळ चेहऱ्याने अंगणातल्या बैलगाडीकडे बोट दाखवलं. कापसाची गाठोडी गाडीवर आवळायला त्यांना दोर कमी पडला होता, आणि माझ्या पिशवीशी इतका सुंदर काथ्या नुसता पडलेला होता. लांब होत होता म्हणून त्यांनी तो मधोमध कापला होता. उरलेली अर्धी दोरी नीट गुंडाळून माझ्या उशाशी ठेवली होती.

ती दोरी म्हणजे पक्षी होता, असं मी म्हणालो.

भाऊ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तं लय वाईट झालं. मले वाटलं, नुसता दोर हाय."

सामना

दुपारी पटांगण भरलं. शाळेची मुलं पुढे, पुरुष कडुनिंबाखाली, आणि बाया वेचणीवरून थेट आलेल्या, कित्येकींच्या ओटीत कापूस तसाच. जनावरं नाहीत हे कळल्यावर थोडी कुरकुर झाली. पण आल्यासरशी ऐकून जाऊ म्हणून कोणी उठलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. मी माईकपाशी गेलो.

अल्बट्रॉसपासून सुरुवात केली. पंखांची लांबी सांगितली. फूट सांगून कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी दोन वाव म्हणालो आणि सवयीने हात पसरले. डावा हात हवेत तसाच राहिला. तिथे बोट लावायला कोणी नव्हतं. मी हात खाली घेणार तोच भाऊ उठून आले, माझ्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी हात पसरून माझ्या बोटाला बोट लावलं. "दोर म्या कापला," ते माईकमध्ये म्हणाले, "म्हनून पंख मीच होतो."

लोक हसले आणि पक्षी दिसला. मुलं उठून आमच्या पसरलेल्या हातांखालून धावून गेली. भाऊ हात खाली न घेता तसेच उभे राहिले, म्हणून मीही. मग मी पुढचं सांगितलं: एकदा समुद्रावर गेलेला पक्षी वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही, आणि मग परत येतो तो आपल्या जन्माच्या बेटावर, आणि पुढे दर दोन वर्षांनी एक अंडं घालायला तिथेच येतो. वारा असला की पंख न हलवता कितीही जातो, वारा पडला की पाण्यावर बसून राहतो.

भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "आमची कुंदी बी अशीच दोन वरसाआड यायची."

त्यानंतर मी पाण्याचा मुद्दा सांगितला. सगळा सांगितला, काही न राखता. मग कडुनिंबाखालून आवाज आला की हा पक्षी पाटलाच्या विहिरीवर आणून बसवा. त्यावर जो गलका झाला तो आवरायला बाईंना घंटा वाजवावी लागली. पुरुषांची सगळी बाजू पक्ष्याकडे गेली होती. मला दिसत होतं की मी जिंकतो आहे.

मधुलीकडे वळलो. कुंदाचे मुद्दे एकेक मांडले. फुलावर बसली तरी फूल फार वाकत नाही असं वजन. थंडीत, मध नसला की अंग गार करून निपचित पडते आणि ऊन आलं की पुन्हा उठते. तांदळाच्या कणीहून लहान पिल्लू. पुढे तिचं वाक्य यायचं होतं, मोठ्याने मोठं काम केलं यात विशेष काय. ते तिच्या आवाजात माझ्या कानांत होतं. माझ्या तोंडातून ते आलं नाही. मी पाणी मागितलं, प्यालो, पुन्हा उभा राहिलो. तरी आलं नाही.

बायांच्या घोळक्यातून वहिनी उठल्या. माईकपाशी आल्या नाहीत. जिथे होत्या तिथूनच बोलल्या. कमरेला ओटी तशीच होती.

"पक्षी मोठा हाय, खारं पानी पेते, समदं मान्य. पन त्याले उडाले वारा पायजे. वारा नसला तं बसला पान्यावर. आमच्या मधुलीले कोनाची वाट पाहा लागत नाई. पोटाले फडकं बांधलं आन् निंघाली. लेकरू पोटाशी, फूल पुढं, हात मोकये." त्यांनी स्वतःच्या ओटीवर हात ठेवला. "कुंदी मले हेच सांगाची फोनवर. मले वाटे, थट्टा करून राह्यली. आज कापसात कयलं मले, थे माह्याच बाजूनं बोलत होती."

बाया नुसत्या आपापल्या ओटीकडे बघत होत्या.

बाईंनी हात वर करायला सांगितले. पक्ष्यासाठी सगळ्यांचे हात वर, मधुलीसाठीही सगळ्यांचे वर. दोन्ही आवडली होती. तेव्हा भाऊ पुढे झाले. असं चालणार नाही म्हणाले. त्यांनी शाळेसमोरच्या आपल्या घरातून दोन टोपल्या आणवल्या, एक अल्बट्रॉसची, एक मधुलीची. कापसाची गाडी दारातच उभी होती, तिच्यावरून एक गाठोडंही आलं. ज्याला जो पसंत त्याने त्याच्या टोपलीत कापूस टाकायचा, मग काट्यावर तोलायचं, जड भरेल तो जिंकला. इथे संध्याकाळी रोज कापूस तोलतातच. कोणाला काही समजावावं लागलं नाही.

पुरुष रांगेने आले. गाठोड्यातून चिमूटभर कापूस घेऊन पक्ष्याच्या टोपलीत टाकत गेले. भाऊंनीही तिथेच टाकला, आणि मीही. माझी बाजू मी सोडली नाही. टोपली छान भरत आली होती.

मग बाया उठल्या. वहिनी पुढे. त्यांनी मधुलीच्या टोपलीवर वाकून कमरेची गाठ सोडली आणि सकाळपासूनची सगळी ओटी रिकामी केली. मागचीने तेच केलं. तिच्या मागचीनेही. टोपली दिसेनाशी झाली. ढीग टेबलाएवढा झाला, शाळेच्या पायरीवरून खाली घसरला, तरी बाया येतच होत्या. माणशी किती कापूस, हे सांगायचं भाऊ विसरले होते.

"अवं, चिमूटभर!" भाऊ ओरडत होते. "एका मानसाले चिमूटभर!"

वहिनी म्हणाल्या, तसं आधी सांगायचं होतं. भाऊ माझ्याकडे वळले. हरकत घ्यायचा हक्क माझा होता. मी माईकपाशी गेलो आणि म्हणालो की नियमात बसतंय, मला मान्य आहे, अल्बट्रॉस हरला. त्या दिवसातलं मला न अडखळता आलेलं तेवढं एकच वाक्य.

काटा कोणी आणलाच नाही. बाया हसत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या, मुलं कापसाच्या ढिगात शिरली होती, आणि मी हरलेला माणूस इतका मोठ्याने हसत होतो की माझाच आवाज मला ओळखू येईना. श्रावणानंतर तो मी पहिल्यांदाच ऐकला.

पटाच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या जोडीला लावायला भाऊंनी गुलाल आणून ठेवला होता. आता तो लावायचा कोणाला? ते मूठ भरून इकडेतिकडे बघत राहिले. मग टेबलाशी आले आणि मला विचारलं, "लावू काय?" त्यांचा हात उघड्या पुस्तकावर होता.

पुस्तकाला बोटाचा डाग लागला म्हणून मी आयुष्यभर वाचकांना बोललो आहे. मी म्हणालो, लावा. त्यांनी उजव्या पानावर, मधुलीच्या चित्रावर, अंगठ्याने गुलाल लावला.

घरी

परतीच्या वाटेवर जानेफळला उतरलो. मावशी दारातच होत्या. मी म्हणालो, हरून आलो. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि रश्शात आज तिखट कमी घातलं आहे असं सांगितलं. कमी नव्हतं.

आता वाद मिटला आहे. पुस्तक वाचनालयाच्या कपाटात आहे आणि त्या पानावर गुलाल आहे. दोरी अर्धी भाऊंच्या गाडीला आहे. अर्धी माझ्याकडे आहे.